विंधण यंत्राची अंगे व त्यांचे कार्य

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर व मुरबाड हे दोन तालुके वसले आहेत. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भातसा व काळू या नद्यांचे पाणी याच डोंगरांतून वाहते. मुंबई शहरास १८९२ पासून पाणी पुरविणारा तानसा तलाव आणि त्यानंतर बांधलेले भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यातच आहेत. असे असूनही होळी उलटली की या तालुक्यांतील अनेक गावपाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. भाताच्या कापणीनंतर भेंडी, काकडी वा वाल घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास पाण्यावाचून जमीन पडीक ठेवावी लागते.

अशा वेळी विंधण विहीर, म्हणजेच बोलण्यातील 'बोअर', घेण्याचा विचार सहजच मनात येतो. बोअरची गाडी सायंकाळी शेतात येते, रात्रभर काम चालते आणि सकाळी हिशेब होतो. हा हिशेब फुटावर असतो. पाणी लागो वा न लागो, विंधलेल्या प्रत्येक फुटाचे पैसे द्यावे लागतात. वर्षाची बचत किंवा कर्जाऊ रक्कम एका रात्रीत खर्ची पडत असताना शेतकरी मात्र यंत्रापाशी केवळ प्रेक्षक म्हणून उभा असतो. हे यंत्र कसे चालते, त्याचे कोणते अंग कोणते काम करते, आणि त्या कामाकडे पाहून जमिनीतील स्थिती कशी ओळखावी, याची माहिती त्याला असेल तर कोठे थांबावे व कशाची मागणी करावी हे तो स्वतः ठरवू शकेल. त्या दृष्टीने या यंत्राची मुख्य अंगे येथे क्रमाने सांगितली आहेत.

कातळ आणि पाणी

प्रथम जमिनीची रचना ध्यानात घेणे अवश्य आहे. शहापूर-मुरबाडची जमीन ज्या काळ्या कातळावर उभी आहे तो बसाल्ट नावाचा खडक होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर पडले व थिजले. त्यांपासूनच दख्खनचे पठार व सह्याद्री घडले आहेत. वरची माती व मुरूम दूर केल्यास खाली कोठे जाळीदार, छिद्रे असलेला खडक लागतो, तर कोठे एकसंध घट्ट पाषाण लागतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीसारखा पट्टाही आढळतो.

वाळूच्या थरात कणाकणांच्या मध्ये पाणी साठते. एकसंध बसाल्टात अशी जागा जवळजवळ नसते. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, जाळीदार खडकात आणि कातळाच्या सांध्यांत व भेगांत. बसाल्टाच्या शंभर भागांतून उपशास मिळणारे पाणी साधारणतः एक ते तीन भागच असते. जमिनीला उतार तीव्र असल्याने पावसाचे बहुतेक पाणी मुरण्यापूर्वीच ओढ्यास मिळते. अतिवृष्टीच्या प्रदेशातही उन्हाळ्यात टंचाई का होते याचे उत्तर येथे मिळते. त्याचबरोबर हेही स्पष्ट होते की, विंधण यंत्र पाणी निर्माण करीत नाही. ते केवळ भेगेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग करते. मार्गात भेग नसेल तर यंत्र कितीही शक्तिमान असले तरी भोक कोरडेच राहते.

तीन कामांचे यंत्र

विहीर खोदताना सुरुंगासाठी भोक पाडण्याची जुनी रीत पुष्कळांनी पाहिली असेल. एक जण पहार धरतो, दुसरा तिच्यावर घण मारतो. प्रत्येक घावानंतर पहार धरणारा ती किंचित फिरवतो, म्हणजे पुढचा घाव नव्या जागी बसतो. भोकात साचलेला चुरा मधूनमधून बाहेर काढावा लागतो. न काढल्यास घाव चुऱ्यावरच पडतात व भोक पुढे सरकत नाही.

घाव घालणे, फिरविणे व चुरा उपसणे ही तीन कामे विंधण यंत्रही करते. फरक एवढाच की, येथे घण भोकाच्या तळाशी उतरविलेला असतो आणि तो हवेच्या दाबाने चालतो. भारतात अशा यंत्रांचा प्रसार १९६७ च्या दुष्काळापासून, युनिसेफने पुरविलेल्या यंत्रांच्या साहाय्याने, वेगाने झाला. त्यापूर्वी जड लोखंडी पार दोराने उचलून आपटण्याची यंत्रे वापरीत. कठीण कातळात अशा यंत्रास एका विहिरीसाठी कित्येक आठवडे लागत. तेच काम हल्लीचे यंत्र बहुधा एका दिवसात उरकते.

शक्तीची व्यवस्था

यंत्राच्या सर्व हालचालींचे मूळ डिझेल इंजिनात असते. ज्या मोटारगाडीवर यंत्र बसविलेले असते तिच्याच इंजिनावर, किंवा वेगळ्या इंजिनावर, तेलाचा पंप चालतो. हा पंप विशिष्ट तेल मोठ्या दाबाने नळ्यांतून पाठवितो. या तेलाच्या दाबाने मनोरा उभा राहतो, गाडीचे टेकू खाली उतरतात, रॉड फिरतात आणि वरखाली होतात. चालकासमोरील दांड्या म्हणजे या तेलाच्या वाटा उघडण्याच्या व बंद करण्याच्या चाव्या होत. हवा दाबणाऱ्या कंप्रेसरचे इंजिन बहुधा वेगळे व अधिक मोठे असते, कारण सर्वांत जास्त शक्ती हवा दाबण्यातच खर्च होते. डिझेलचा खर्चही मुख्यतः तेथेच होतो.

मनोरा, टेकू व उचल

काम सुरू करण्यापूर्वी गाडीची चाके टेकूंवर उचलून गाडी समपातळीत आणावी लागते. त्यानंतर आडवा ठेवलेला मनोरा उभा केला जातो. मनोऱ्यातील साखळी रॉडांच्या माळेस खाली ढकलते वा वर ओढते.

या अंगाकडे पाहताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मनोरा ओळंब्यात आहे काय. भोक तिरपे गेल्यास पुढे पंप उतरविताना तो अडकतो व नळ घासले जातात. भाताच्या खाचरात माती मऊ असल्याने एका बाजूचा टेकू काम चालू असताना खचू शकतो. म्हणून टेकूंच्या खाली जाड फळ्या घालाव्यात आणि पहिल्या काही रॉडांनंतर ओळंबा पुन्हा पाहावा. दुसरी, मनोऱ्यावरून विजेच्या तारा जात नाहीत ना. उभा मनोरा तारेस लागणे प्राणघातक होय. जागा कितीही चांगली वाटली तरी तारांखाली यंत्र उभे करू देऊ नये.

सुरुवातीस माळ हलकी असते, तेव्हा साखळीने तिला थोडे दाबावे लागते. खोली वाढत जाते तसतसे रॉडांचे स्वतःचे वजन वाढते. मग दाबण्याऐवजी माळ तोलून धरावी लागते. जाणता चालक हे ओळखून दाब बदलतो. अधिक दाबले म्हणजे लवकर विंधले जाते हा समज चुकीचा आहे. त्याने भोक वाकडे होते व दात झिजतात.

फिरविणारे अंग

मनोऱ्यावर सरकणाऱ्या डोक्यात तेलाच्या दाबाने चालणारी मोटर असते. ती रॉडांची संपूर्ण माळ फिरविते. यंत्राचा आवाज पाहता रॉड फार वेगाने फिरत असावेत असे वाटते, परंतु वस्तुतः वेग मिनिटास सुमारे १५ ते ३० फेरे इतकाच असतो. येथे फिरविण्याचा हेतू खडक कापणे हा नसून घावाची जागा बदलणे हा आहे. मिनिटास २५ फेरे व १,२०० घाव असे धरल्यास एका फेऱ्यात ४८ घाव पडतात. म्हणजे दर घावास दात साडेसात अंशांनी पुढे सरकतो. पहार किंचित फिरविण्याची जुनी रीत ती हीच.

रॉड एकमेकांस आट्यांनी जोडलेले असतात. फिरण्याची दिशा आटे घट्ट करणारी असते. माळ उलट फिरली तर सांधा सुटून खालचे रॉड व हॅमर भोकात पडण्याचा धोका असतो. तसे झाल्यास पुष्कळदा संपूर्ण भोकच सोडून द्यावे लागते.

प्रत्येक रॉडाची लांबी ठरलेली असते. हल्ली बहुधा ती ३ ते ६ मीटरांच्या दरम्यान असते. फुटावर पैसे देणाऱ्याच्या दृष्टीने हे माप महत्त्वाचे आहे. काम सुरू होण्यापूर्वी एक रॉड टेपाने मोजून घ्यावा व भोकात गेलेल्या प्रत्येक रॉडाची नोंद खडूने वा वहीत करावी. २० फुटी १० रॉड पूर्ण उतरले म्हणजे २०० फूट झाले. त्यात हॅमरची लांबी तेवढी मिळवावयाची. काम संपल्यावर दोरीस वजन बांधून खोली मोजल्यास हिशेबाची खातरजमा होते.

हॅमर व बिट

माळेच्या सर्वांत खालच्या टोकास हॅमर असतो. तो म्हणजे एक मजबूत पोलादी नळकांडे असून त्याच्या आत दट्ट्या असतो. वरून पोकळ रॉडांमधून येणारी दाबाची हवा दट्ट्यास आळीपाळीने वर उचलते व खाली आपटते. असे मिनिटास हजारांहून अधिक घाव बिटावर बसतात. बिटाच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइड या अत्यंत कठीण द्रव्याची गोलसर बटणे बसविलेली असतात. ती खडकाचा भुगा करतात.

घण तळाशीच असल्याने खोली वाढली तरी घावाची शक्ती रॉडांमधून जाताना कमी होत नाही. कठीण पाषाणात हे यंत्र इतके उपयोगी पडते याचे हेच कारण आहे. बटणे झिजून सपाट झाली की विंधण्याचा वेग मंदावतो आणि भोकाचा व्यासही कमी होतो. यास्तव काम सुरू करताना बिटाचा व्यास पाहून घ्यावा. पंप व त्याभोवती पाणी येण्यास जागा या दोहोंचा विचार करूनच व्यास ठरवावा लागतो.

हवेचे अभिसरण

या यंत्राचे प्राणभूत अंग म्हणजे हवा. कंप्रेसरने दाबलेली हवा रॉडांमधून खाली जाते, दट्ट्या चालविते, बिटाच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि रॉड व भोकाची भिंत यांमधील कंकणाकृती जागेतून वेगाने वर येते. वर येताना ती चुरा उचलून आणते.

चुरा उचलला जाण्यासाठी या हवेस पुरेसा वेग हवा. साधारणतः मिनिटास ९०० मीटरांहून कमी वेग चालत नाही. भोक १६५ मिलिमीटर व रॉड ११४ मिलिमीटर असेल, तर मधल्या जागेचे क्षेत्र सुमारे ११२ चौरस सेंटिमीटर भरते. कंप्रेसर मिनिटास ४५० घनफूट, म्हणजे सुमारे १२.७ घनमीटर हवा देत असेल, तर वर येणाऱ्या हवेचा वेग मिनिटास सुमारे १,१४० मीटर होतो. हा वेग पुरेसा आहे. हवा कमी पडली किंवा भोक फार रुंद केले तर चुरा वर न येता तळाशी साचतो, रॉड अडकू लागतात आणि घाव चुऱ्यावर वाया जातात.

हवेचे प्रमाण व हवेचा दाब या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रमाणामुळे चुरा वर येतो. दाबामुळे हॅमर चालतो. भोकात पाणी लागल्यावर दाबाचे महत्त्व विशेष जाणवते. रॉड जोडण्यासाठी हवा बंद केली की भोकात पाणी चढते. पुन्हा हवा सोडताना तिला प्रथम त्या पाण्याचा भार उचलावा लागतो. दर १० मीटर पाण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब लागतो. म्हणजे हॅमर ९० मीटरांवर असून पाणी १० मीटरांपर्यंत चढले असेल, तर ८ किलोग्रॅम दाब केवळ पाणी हटविण्यात जातो. लहान कंप्रेसर अशा वेळी थकतो. यंत्र पुढे जाईनासे होते.

तेल वा वायू शोधणारी यंत्रे याहून वेगळ्या रीतीने चालतात. गुजरातेत खंभातजवळ लुणेज येथे १९५८ मध्ये तेल लागले. तेथील गाळाच्या मऊ थरांत भोकाच्या भिंती ढासळण्याची भीती असते व खालून वायू उसळण्याचाही धोका असतो. म्हणून अशा ठिकाणी हवेऐवजी विशिष्ट मातीचा दाट राडा फिरवितात. तो चुरा वर आणतो, भिंतींना आधार देतो व आतील दाबास तोलून धरतो. याखेरीज भोकाच्या तोंडावर ते तत्काळ बंद करणारी भक्कम झडप बसविलेली असते. बसाल्टाचा कातळ स्वतःच्याच बळावर उभा राहतो आणि त्यात असा वायू नसतो. म्हणून शहापूर-मुरबाडमध्ये हवेने काम भागते. आधाराची गरज असते ती फक्त वरच्या माती-मुरमास.

केसिंग

हा आधार म्हणजे केसिंग, अर्थात भोकात उतरविलेला पीव्हीसी वा लोखंडी नळ. प्रथम मोठ्या व्यासाचे भोक माती व मुरूम भेदून टणक कातळापर्यंत नेतात, त्यात केसिंग घट्ट बसवितात आणि मगच त्यातून लहान व्यासाने पुढे विंधतात. मुरमाची जाडी जागोजागी भिन्न असते. ओढ्याकाठी वा सखल खाचरात ती अधिक, तर टेपाडावर कमी आढळते. म्हणून अमुक फूटच केसिंग पुरे, असे आधी सांगता येत नाही. कातळ लागल्याची खात्री चुऱ्यावरून व यंत्राच्या बदललेल्या आवाजावरून करावी.

केसिंगचे पैसे वेगळे पडतात, यामुळे ते आखूड टाकण्याकडे कल होतो. ही काटकसर महागात पडते. श्रावणात खाचरे पाण्याने भरलेली असताना आखूड केसिंगच्या खालून गढूळ पाणी, शेण व खते थेट बोअरमध्ये उतरतात. मुरूम ढासळून पंपावर पडतो व पंप कायमचा अडकतो. केसिंग टणक कातळात रुतलेले असावे, जमिनीवर किमान एक फूट असावे, आणि त्याच्या भोवतालची पोकळी सिमेंटने वा चिकणमातीने घट्ट बुजविलेली असावी.

चुरा काय सांगतो

हवेबरोबर बाहेर पडणारा चुरा म्हणजे भूगर्भातून येणारा वृत्तान्तच होय. दर रॉडामागे मूठभर चुरा घेऊन तो कागदावर वा फळीवर ओळीने मांडावा व प्रत्येक रॉडास लागलेला वेळ लिहावा.

काळसर करडी, बारीक व कोरडी भुकटी हे एकसंध पाषाणाचे लक्षण आहे. त्यात पाण्याची आशा अल्प असते. पांढरे वा हिरवट खडे मिसळलेला चुरा छिद्रे भरून गेलेला खडक दर्शवितो. तपकिरी डाग पडलेल्या कपच्या येऊ लागल्यास तेथून पूर्वी पाणी वाहिले आहे असे समजावे. भेग जवळ असण्याचा संभव असतो. लाल भुकटी दोन थरांमधील लाल पट्ट्याची असते. हा पट्टा ढासळणारा असल्याने तेथे सावध राहावे. धूळ अकस्मात थांबून ओलसर गोळे येऊ लागले किंवा यंत्र एकदम काही इंच खाली गेले, तर भेग लागली असे मानण्यास हरकत नाही.

एकामागून एक अनेक रॉड सारख्याच वेळात जात आहेत, भुकटी तीच काळी व कोरडी आहे, अशा वेळी आणखी खाली गेल्यास पाणी लागेलच असा भरवसा नसतो. खोलीबरोबर वरच्या खडकाचा भार वाढतो व भेगा मिटत जातात. म्हणून किती खोलीवर थांबावयाचे ते गाडी येण्यापूर्वी, शांतपणे, ठरवून ठेवावे. मध्यरात्री कोरड्या भोकापाशी घेतलेला 'आणखी पन्नास फूट' हा निर्णय बहुधा आशेने घेतलेला असतो, माहितीने नव्हे.

पाण्याचे माप

पाणी लागल्यावर काही काळ हवा चालू ठेवून भोक धुवून घ्यावे. त्याने भेगांच्या तोंडी बसलेला गाळ निघून जातो. पाणी स्वच्छ आल्यावर त्याचे माप घ्यावे. यासाठी पाणी चरातून नेऊन, ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेल्या पत्र्यावरून सोडतात. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची, पत्र्याच्या थोडे मागे, मोजतात. 'दोन इंच पाणी लागले' असे म्हणतात ते इंच या उंचीचे असावयास हवेत, नळाच्या रुंदीचे नव्हे. हे विचारून घ्यावे.

खाचेवर एक इंच उंची म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर आणि तीन इंच म्हणजे सुमारे ८,००० लिटर पाणी होय. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक होते. म्हणून अर्ध्या इंचाची चूकही मोठी ठरते.

ताशी २,९०० लिटर पाणी रोज सहा तास उपसल्यास १७,४०० लिटर मिळते. एक एकर शेतावर हे पाणी सुमारे ४ मिलिमीटर जाडीने पसरेल. उन्हाळी भाजीपाल्याची रोजची गरज साधारणतः याहून अधिक असते. म्हणजे 'दोन इंची' बोअरवर ठिबक संचाच्या साहाय्याने एकरभराहून कमीच लागवड धरणे शहाणपणाचे होय. शिवाय हवेने उसळलेले पाणी व पंपाने टिकून मिळणारे पाणी सारखे नसते. दिवाळीच्या सुमारास घेतलेले माप मे महिन्यात निम्मेही राहील याची खात्री नसते. काही तास सतत पंप चालवून पातळी किती उतरते व किती वेळात भरून येते हे पाहिल्यावरच योग्य शक्तीचा पंप निवडावा.

आणखी एक भेद विसरू नये. सहा मीटर व्यासाच्या खोदविहिरीत एक मीटर पाणी असले तरी साठा २८,००० लिटरांचा होतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये ६० मीटर पाणी उभे असले तरी साठा १,०६० लिटरांच्याच आसपास असतो. बोअर हे साठवणीचे साधन नव्हे. म्हणून जुनी खोदविहीर असल्यास तिचा गाळ काढणे व तिच्याभोवती पाणी मुरविणे हा उपाय आधी विचारात घ्यावा. नवी बोअर घेतलीच, तर रात्री तिचे पाणी त्या विहिरीत साठवून दिवसा देता येते.

जागा, कायदा व सुरक्षितता

नारळ वा काडी धरून जागा दाखविणाऱ्यांस कातळातील भेगा दिसत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिक खडकाचे थर, उतार व आसपासच्या विहिरींची पातळी पाहून सल्ला देतात. कोकणपट्टीच्या या भागात बसाल्टास छेदून गेलेल्या उभ्या पाषाणभिंती ठिकठिकाणी आहेत. अशी भिंत पाणी अडविते. त्यामुळे तिच्या एका अंगास पाणी व दुसऱ्या अंगास कोरडे असे घडू शकते. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे, एवढ्यावरून आपल्या बोअरलाही लागेल असा तर्क म्हणूनच धोक्याचा ठरतो.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ अन्वये ६० मीटरांहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून, अधिक खोल विहीर ही 'खोल विहीर' गणली जाते व तिच्यावर निर्बंध आहेत. विंधण यंत्राच्या मालकास नोंदणी करावी लागते. गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ बोअर घेण्यावरही बंधने आहेत. यास्तव गाडी बोलाविण्यापूर्वी ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात चौकशी करावी.

काम चालू असताना लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये. फिरत्या रॉडापाशी सैल धोतर, पदर वा उपरणे यांनी अपघात होतो. हवेची नळी जोडातून सुटल्यास चाबकासारखी फिरते. तिचे जोड साखळीने बांधलेले असावेत. धुळीने फुप्फुसे बिघडतात, म्हणून हवेबरोबर थोडे पाणी सोडून धूळ बसविण्यास सांगावे व नाकातोंडावर फडके बांधावे.

कोरडे निघालेले भोक उघडे ठेवणे हा सर्वांत मोठा अपराध होय. अशा भोकांत बालके पडून मरण पावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याविषयी स्पष्ट निर्देश दिले आहेत. त्यांनुसार चालू बोअरच्या केसिंगभोवती सिमेंटचा ओटा व तोंडावर पक्के झाकण हवे आणि सोडून दिलेले भोक तळापासून माती, वाळू वा दगडगोट्यांनी भरले पाहिजे. गोणपाट वा दगड ठेवून भागत नाही. गाडी शेतातून हलण्यापूर्वीच हे काम पुरे करून घ्यावे.

नोंद ठेवावी

काम संपल्यावर पुढील नोंदी चालकाच्या सहीनिशी घ्याव्यात : एकूण खोली व रॉडांची संख्या, भोकाचा व्यास, केसिंगची लांबी व ते कोणत्या थरात रुतले, चुऱ्याचा रंग कोणत्या खोलीवर बदलला, पाणी कोणकोणत्या खोलीवर लागले, खाचेवरील उंची, आणि काम थांबल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी. पंप किती खोल सोडावा हे याच कागदावरून ठरते. पुढे पाणी आटल्यास दोष पंपाचा, केसिंगचा की भूजलाचा, हेही त्यावरूनच उमगते. गावातील अशा दहा-वीस नोंदी एकत्र केल्या तर गावाच्या भूगर्भाचे चित्र तयार होईल व पुढील शेतकऱ्याचा व्यर्थ खर्च वाचेल.

यंत्राचे सामर्थ्य भोक पाडण्यापुरते आहे. त्या भोकात येणारे पाणी मागील पावसाळ्यात जमिनीत जेवढे मुरले त्यातूनच यावयाचे असते. बांधबंदिस्ती, उतारावरील समतल चर व ओढ्यातील वनराई बंधारे यांनी मुरवण वाढविल्याशिवाय केवळ बोअरची संख्या वाढविली, तर एकाच साठ्यास अनेक तोंडे फुटतात आणि सर्वांचेच पाणी लवकर सरते. विंधण यंत्राचा उपयोग शेतकऱ्यांनी अवश्य करावा. परंतु तो माहितीने, मोजून आणि वेळीच थांबून करावा, हेच हिताचे होय.